रुतलेला दुधाचा पिकअप आणि ड्रमवरचा सैल दोर : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जुलैचा तिसरा आठवडा, भोर तालुक्यातला घाटमाथा. नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीचा कच्चा रस्ता. पावसाळ्यात या भागात दरड आली की क्रेन सोडा, जेसीबीसुद्धा वेळेवर पोचत नाही. आम्ही सहा-सात जीपवाले आहोत. कुणाची गाडी अडकली की गावातून आमच्यापैकी कुणाला तरी फोन येतो आणि आम्ही जातो. माणसांची आणि वाडीची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. त्या दिवशी विंचचा, म्हणजे जीपच्या पुढे बसवलेल्या, ड्रमवर दोर गुंडाळत गाडी ओढणाऱ्या यंत्राचा रिमोट माझ्या हातात होता, त्यामुळे जे बरोबर झालं त्याचा आणि जे चुकलं त्याचाही हिशोब मलाच द्यायला हवा.

विंच माझ्या जीपवर. ९,५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे ४,३०० किलो ओढीचा, बारा व्होल्टवर चालणारा. त्यावर ८ मिलिमीटर जाडीचा, जस्ताचा मुलामा असलेला २८ मीटर तारेचा दोर आणि पुढे चार रोलर. बुलबारवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवल्यापासून पुढे मोठा लोखंडी सांगाडा लावायचा प्रश्नच नव्हता. तसाही तो सांगाडा विंचचा भार घेण्याच्या लायकीचा नसतो. म्हणून मूळ बंपरच्या मागे जाड प्लेट टाकून ती थेट चेसिसला बोल्ट केली होती. बोल्ट मी स्वतः पान्याने तपासले होते. बॅटरीपासून येणाऱ्या जाड वायरी पत्र्याच्या कडेला घासत नाहीत ना, हेही पाहिलं होतं.

एक गोष्ट मात्र पाहिली नव्हती. नवा विंच खोक्यातून निघतो तेव्हा त्यावरचा दोर नुसता गुंडाळलेला असतो, ताणून बसवलेला नसतो. गाडीवर चढवल्यावर तो जवळजवळ सगळा बाहेर काढायचा, टोक पक्क्या जागी अडकवायचं आणि अडीचशे किलोच्या आसपास ताण ठेवून फेऱ्याला फेरा लावत परत गुंडाळायचा, हे कामाचं पहिलं पाऊल. गॅरेजमध्ये ते झालं नाही आणि मीही विचारलं नाही. फेब्रुवारीत बसवलेला विंच जुलैपर्यंत दोन-तीनदाच चालला होता, तोही हलक्या ओढीला. खालचे थर तसेच सैल राहिले.

अडचण

सकाळी सव्वासहाला फोन आला. दुधाचा पिकअप वळणावर डाव्या बाजूला घसरून चरात गेला होता. आम्ही दोघं पाऊण तासात पोचलो. डावीकडची दोन्ही चाकं आसापर्यंत चिखलात होती आणि चेसिस रस्त्याच्या कडेवर टेकली होती. मागे हौद्यात ४० लिटरचे वीस भरलेले कॅन. चालवणारे मामा पन्नाशीचे. पावसात भिजत हँडब्रेक धरून बसले होते, गाडी आणखी खाली जाईल या भीतीने. त्यांना घड्याळाचीही काळजी होती. शीतकरण केंद्रावर साडेआठच्या आत दूध पोचलं नाही तर ते घेतीलच याची खात्री नव्हती, आणि त्या दुधात वाडीतल्या चौदा घरांचे पैसे होते.

“दादा, एक दणका द्या, निघंल बघा,” असं चार जण चार बाजूंनी सांगत होते. जमाव वीस-बावीस जणांचा, त्यात पोरंटोरं, आणि निम्म्यांच्या हातात मोबाइल.

पहिली ओढ

मी मनातल्या मनात जो हिशोब केला तो असा: रिकामी गाडी १,७०० किलो, दूध आणि कॅन मिळून साधारण एक टन, एकूण पावणेतीन टन. विंच सव्वाचार टनांचा. भरपूर झालं.

हा हिशोब दोन ठिकाणी चुकीचा होता, आणि दोन्ही गोष्टी मला वाचून माहीत होत्या. पहिली अशी की, विंचवर लिहिलेला आकडा ड्रमवर दोराचा एकच थर असतानाचा असतो. थर चढतात तसा ड्रमचा घेर वाढतो आणि ओढ कमी होत जाते. तिसऱ्या थरावर ती पाऊणाच्याही थोडी खाली येते. मी जीप पिकअपपासून आठ मीटरवर उभी केली होती. म्हणजे वीस मीटर दोर ड्रमवरच होता आणि मी तिसऱ्या थरावरून ओढत होतो. हातात प्रत्यक्ष ३ टनांच्या आसपास ओढ उरली होती.

दुसरी चूक चिखलाची. चाकांइतकी रुतलेली गाडी हलवायला चिखलाचाच विरोध जवळपास गाडीच्या वजनाइतका होतो. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट धरतात, कॅबपर्यंत गेली तर तिप्पट. त्यावर चढ. वजनाला चढाच्या अंशांनी गुणून साठने भागायचं, असा साधा आडाखा आहे. चराची कड पंधरा अंशांची धरली तर त्यासाठी आणखी पावणेसातशे किलो. गरज साडेतीन टनांजवळ गेली, हाताशी तीन.

हूक पिकअपच्या पुढच्या टो-हूकमध्ये घातला. दोरावर ओलं गोणपाट टाकलं, जीपचं बॉनेट उघडं ठेवलं. जीपला मागून मात्र कुठेही बांधलं नाही. ब्रेकवर भरवसा ठेवला.

रिमोट दाबला. दोर ताठ झाला, त्यावरचं पाणी बारीक थेंबांनी उडालं. मोटारचा आवाज खाली खाली उतरत गेला. पिकअप जागची हलली नाही. उलट माझी जीप ओल्या मुरमावरून हातभर पुढे सरकली. तेवढ्यात ड्रमवरून ‘खाड्’ असा आवाज आला. दोर क्षणभर ढिला पडला आणि लगेच हिसक्याने ताठ झाला. त्या हिसक्यासरशी गोणपाट खाली पडलं. दोरापासून सात-आठ फुटांवर एक नववीतला मुलगा मोबाइल धरून उभा होता.

मी बटण सोडलं. मामा गाडीत होते, त्यांना वाटलं आता रेस द्यायची, म्हणून त्यांनी चाक फिरवायला सुरुवात केली. माझ्या जोडीदाराने ओरडून त्यांना थांबवलं.

काय बिघडलं होतं

दोर बाहेर काढायला गेलो तर तो येईना. वरचा फेरा खालच्या सैल फेऱ्यांच्या मधे घुसून पाचरीसारखा बसला होता. हूक पिकअपवरून काढून एका झाडाला बांधलेल्या पट्ट्याला लावला, विंच सोडण्याच्या दिशेला ठेवला आणि जीप अगदी इंचाइंचाने मागे घेतली. तिसऱ्या प्रयत्नाला तो सुटला.

हातात आल्यावर दोर नीट पाहिला. हुकापासून साधारण नऊ मीटरवर बोटभर लांबीत तो चेपटला होता. तिथे एकाच पेडातल्या चार तारा तुटून बाहेर आल्या होत्या, गवताच्या कुसळासारख्या उभ्या. जोडीदाराच्या हातात सुती मोजे होते. त्याने तिथून हात फिरवला आणि एक तार मोज्यातून आरपार तळव्यात गेली. तारेचा दोर हाताळायला चामड्याचेच मोजे लागतात आणि तरीही दोर हातातून सरकू द्यायचा नसतो, हात सोडून पुढे धरायचा असतो, हे त्याला मी आधी सांगायला हवं होतं.

इथे एक आकडा सांगतो, कारण बऱ्याच जणांना तो ठाऊक नसतो. या जाडीचा दोर तुटायची मर्यादा साडेचार टनांच्या थोडी अलीकडे असते. म्हणजे विंचची पूर्ण ओढ आणि दोराची पूर्ण ताकद जवळपास सारखीच. माल उचलायच्या दोराला पाचपट राखीव ताकद ठेवण्याची रीत असते. गाडीवरच्या विंचला तशी राखण मुळात नाहीच. त्यातून दोर चेपटला की उरलीसुरली सवलतही जाते.

समोर असलेले पर्याय

थांबून मदत मागवणं हा पहिला पर्याय. खालच्या रस्त्यावर दरड होती, जेसीबी ती काढण्यात गुंतला होता. तो यायला दुपार झाली असती. पिकअप आणखी खाली जाण्याची शक्यता फारशी नव्हती, कारण चेसिस टेकलेलीच होती. म्हणजे थांबणं गाडीसाठी सुरक्षित होतं. तोट्यात गेलं असतं ते दूध.

दुसरा पर्याय गावकऱ्यांचा: वीस जणांनी ढकलायचं आणि विंचने ओढायचं. हा मी लगेच नाकारला. ताणलेल्या दोराच्या जवळ माणसं उभी करण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही, आणि चरात उतरून ढकलणाऱ्यांवर गाडी कलंडली असती तर कुणी वाचलं नसतं.

तिसरा, भार कमी करून आणि कप्पी लावून पुन्हा ओढणं. म्हणजे त्याच जखमी दोराने.

यावर आम्ही दहा मिनिटं बोललो. वाडीच्या पोलीस पाटील ताई तिथे होत्या. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: “आधी दूध उतरवलं तर?” सगळं त्या प्रश्नाने बदललं. कॅन उतरवले की गाडी एक टनाने हलकी होणार होती हे तर झालंच. पण दूध गाडीतून बाहेर आलं की घाईच संपत होती. वळणाच्या पलीकडे, दोनशे मीटरवर, वाडीतलाच एक टेम्पो उभा होता. कॅन तिथपर्यंत नेले की दूध आपल्या वाटेने जाणार, आणि गाडीला मग हवा तितका वेळ.

केलेली कामं

जमावाला हातपाय हलवायला काम हवं होतं, ते मिळालं. भरलेला कॅन पन्नास किलोच्या घरात जातो. दोघा-दोघांनी बांबूला अडकवून वीस कॅन पंचवीस मिनिटांत टेम्पोत चढवले. मामा दुधाबरोबर गेले नाहीत, गाडीपाशी थांबले. दूध निघून गेल्यावर त्यांचा चेहरा उतरलेला होता तो थोडा सुटा झाला.

मग फावडी. पुढच्या डाव्या चाकासमोरची कड तिरकी कापली, चेसिसखालची माती काढली. एवढ्याने चढ बराच कमी झाला आणि चेसिसचं घासणं थांबलं. नवा हिशोब: १,७०० किलो चिखलासाठी आणि चढाचे वरचे तीन-चारशे. दोन टनांच्या आसपास.

कप्पी, म्हणजे स्नॅच ब्लॉक, पिकअपच्या टो-हूकला शॅकलने, म्हणजे पिनने बंद होणाऱ्या लोखंडी कडीने लावली. गावातून कुणीतरी दोन जुन्या शॅकल आणल्या होत्या. त्यांच्यावर कसलाच आकडा कोरलेला नव्हता, म्हणून हात जोडून परत केल्या. आमच्या शॅकलवर ४.७५ टन असं कोरलेलं होतं, तीच वापरली. कप्पी लावली की दोरावरचा भार निम्मा होतो आणि वेगही निम्मा.

दोराचं दुसरं टोक कुठे बांधायचं, हा त्या सकाळचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता, असं मला वाटतं. सवयीने ते परत जीपलाच अडकवलं असतं. पण मग दोन्ही दोरांची मिळून पूर्ण दोन टनांची ओढ जीपवरच आली असती, आणि जीप तर आधीच घसरली होती. ते टोक जीपशेजारच्या झाडाला बांधलं तर अर्धी ओढ झाड घेणार आणि जीपवर फक्त एक टन येणार. झाडं दोन होती. जवळचा पांगारा जाडजूड दिसत होता, पण त्याचं लाकूड पोचट असतं आणि जुलैच्या पावसात बुंध्याची माती लोण्यासारखी झाली होती. चार पावलं मागे खडकात रुजलेला ऐन होता. तो निवडला. रुंद पट्टा बुंध्याला अगदी खाली बांधला. दोर नुसता झाडाभोवती फिरवून हूक त्याच दोरात अडकवायचा नाही. तसं केलं की दोर जागीच मोडतो आणि झाडाची सालही सोलली जाते.

जीप तीन मीटर मागे घेतली. आता कप्पीपर्यंत अकरा मीटर आणि परत झाडापर्यंत साधारण तेवढेच, असा बावीस मीटर दोर बाहेर होता. ड्रमवर पहिला थरच उरला होता. तारेच्या दोराचे निदान पाच फेरे ड्रमवर राहिलेच पाहिजेत, कारण टोकाचा छोटा स्क्रू भार घ्यायला नसतो, ओढ त्या फेऱ्यांच्या घर्षणावर असते. आमच्याकडे पंचवीसच्या आसपास फेरे होते. जीपच्या चारही चाकांपुढे दगड, गियर न्यूट्रल, पाय ब्रेकवर, इंजिन चालू.

जमावाचं काम ताईंनी घेतलं. ताणलेल्या दोराच्या दीडपट लांबीपर्यंत कुणी नको, असं मी सांगितलं. म्हणजे जीप ते कप्पी या अकरा मीटरच्या हिशोबाने सतरा-अठरा मीटर. त्यांनी वळणाच्या वर, खडकाआड सगळ्यांना नेलं आणि त्या मधोमध उभ्या राहिल्या. दोराच्या दोन फाट्यांच्या मधल्या जागेत, जिथे तुटला तर दोर नक्की येणार, तिथे कुणीच नव्हतं. दोन्ही फाट्यांवर ओलं गोणपाट टाकलं. खुणा एकट्या जोडीदाराने करायच्या ठरल्या. मूठ वळली की थांबायचं. थांबा म्हणण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला.

मामांना पाऊण तास एकच गोष्ट समजावली होती: रेस द्यायची नाही, स्टिअरिंग सरळ, थांबा म्हटलं की ब्रेक. चाकं फिरून एकदम पकड घेतात, गाडी पुढे उसळते, दोर ढिला पडतो आणि मग हिसका बसतो. दोर तुटतो तो बहुतेक वेळा या हिसक्यानेच.

ओढ सुरू केली. या वेळी मोटारचा आवाज खाली बसला नाही, एकसारखा राहिला. मिनिटभर ओढायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं. पूर्ण भारावर असा विंच चारशेच्या आसपास अँपिअर खातो आणि मोटार सलग चालवायची नसतेच. थांबलो की मोटारला हात लावून पाहायचो. हात ठेववत नाही इतकी तापली तर आणखी थांबायचं. मामा ब्रेक लावायचे, मी दोराचा ताण थोडा सोडायचो, आणि मगच जोडीदार पुढे जाऊन पिकअपच्या मागच्या चाकाला दगड लावायचा. ताणावर असताना एकदाही नाही.

निष्पत्ती

सव्वानऊच्या सुमाराला पिकअप रस्त्यावर आला. कुणाला इजा नाही, जोडीदाराच्या तळव्यातली तार सोडून. त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावलं. दूध केंद्रावर वेळेत पोचलं, पण पहिल्या प्रयत्नात गेलेल्या वेळामुळे आणि उघड्यावर ठेवल्याने तीन कॅन परत आले. तीन कॅन म्हणजे १२० लिटर. तो तोटा दोन घरांच्या वाट्याला आला. दूध आधी उतरवलं असतं तर तो झाला नसता, हे मी त्या घरी जाऊन सांगितलं.

दोर त्याच दिवशी ड्रमवरून उतरवला. चेपटलेला तुकडा कापून उरलेला यू-क्लिपने जोडून चालवा, असा सल्ला दोघांनी दिला. क्लिप टोकाचा फासा करायला चालते, तीही चपटी बाजू भाराच्या दोरावर येईल अशीच. दोन तुकडे जोडून विंचवर वापरायला मात्र ती कधीच चालत नाही. ड्रमवर ती गुंडाळताच येत नाही आणि रोलरमध्ये अडकते. पूर्ण नवा दोर घेतला.

पुन्हा अशी वेळ आली तर

कॅन पहिल्यांदा उतरवीन. वजनासाठी आणि घाई संपवण्यासाठी. त्या सकाळी माझे सगळे चुकीचे निर्णय साडेआठच्या घड्याळाकडे बघून घेतलेले होते.

जखमी दोराने दुसरी ओढ घेण्याचा निर्णय मला अजूनही पूर्ण पटलेला नाही. भार एक टनाच्या जवळ होता, म्हणजे धड दोराच्या मर्यादेच्या पावभर, माणसं लांब होती, तुटला असता तर गोणपाटांनी थोडं अडवलं असतं. पण चेपटलेली जागा किती कमजोर झाली, हे त्या पावसात कुणालाही मोजता येत नव्हतं. ‘पावभर’ हा आकडा धड दोराचा, त्या दोराचा नव्हता. दूध निघून गेल्यावर गाडी दुपारपर्यंत तिथेच राहिली असती तर कुणाचंच काही बिघडणार नव्हतं. आमच्या गटात यावर दोन मतं आहेत. माझं मत आता थांबण्याच्या बाजूचं आहे. तुटलेल्या तारा दिसल्या की त्या दिवसापुरता दोर संपला.

सिंथेटिक दोर घ्या, असंही सुचवलं गेलं. तो हलका असतो, तुटला तरी तारेइतका झोडपत नाही, हे खरं. पण आमचं निम्मं काम बेसॉल्टच्या धारेवर आणि चिखलात चालतं, आणि तिथे तो घासून लवकर जातो. शिवाय तारेने खरबरीत झालेले रोलर बदलून गुळगुळीत तोंड बसवावं लागतं. आम्ही सध्या तारेवरच आहोत.

नवा दोर बसवताना मात्र अर्धा दिवस काढला. गावाबाहेरचं थोडं चढतं मोकळं पटांगण घेतलं, टोक वरच्या आंब्याला पट्ट्याने लावलं, पाच फेरे सोडून सगळा दोर बाहेर काढला. जोडीदार जीपमध्ये ब्रेकवर हलका पाय ठेवून बसला आणि विंचने जीपलाच वर ओढत आणलं, म्हणजे दोर सगळा वेळ ताणात राहिला. मी बाजूला रिमोट घेऊन, दर दोन-तीन फेऱ्यांनी थांबून ड्रम बघत होतो. फेरा सरकला असेल तर ताण सोडून दोर थोडा मागे घ्यायचा आणि तो फेरा पुन्हा बसवायचा. शेवटचा मीटरभर दोर हुकाला बांधलेल्या पट्टीला धरून आत घेतला, बोटं रोलरपासून लांब. काम झाल्यावर ड्रमवर नख फिरवून पाहिलं, दोन फेऱ्यांच्या मधे ते कुठेच आत गेलं नाही.